निघताना 'या' म्हणायचं नाही

धारहून रुक्मिणीमावशींचा फोन आला तेव्हा कमल खिडकीतच बसली होती. आता ती खिडकीत नसायची कधी, तेच विचारा! देवासच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून गल्लीचं तोंड दिसतं, आणि तिथंच दोन रस्ते फुटतात. एक घराकडे येतो, दुसरा कलालीकडे, दारूच्या दुकानाकडे जातो. साडेतीनला कारखान्याची पाळी सुटली की चारच्या सुमारास तिचा नवरा भास्कर त्या तोंडाशी येऊन वर बघायचा. कमल दिसली तर कधीकधी घराकडे वळायचा. कधीकधीच हं! पण तेवढ्या आशेवर बाईनं अकरा वर्षं गज धरून काढली होती.

कपाटात साड्यांच्या खाली एक पोहण्याचा पोशाख होता. मार्चमध्ये घेतलेला, किमतीची चिठ्ठीसुद्धा अजून तशीच. खालच्या मजल्यावरची वैभवी, कॉलेजात जाणारी, रोज टुमणं लावायची. "काकू, चलो ना स्विमिंग पूलवर! लेडीज बॅच आहे, चार ते पाच. मजा येईल."

कमलला पोहता येत होतं. लहानपणी नेमावरला मामाकडे गेली की ती नर्मदेत उताणी पडून तरंगायची, कानात पाणी, वर नुसतं आभाळ. त्या सुखाची सर पुढं कशालाच आली नाही, संसाराला तर नाहीच नाही. पण चार ते पाच म्हणजे खिडकीची वेळ. आपण नसताना हा तिकडे वळला, कुठं पडला, तर? पोशाख पुन्हा साड्यांच्या खाली जायचा.

"कमल, उद्या अविधवा नवमी," मावशी सांगत होत्या. "आमची नेहमीची सवाष्ण तापानं पडलीय गं. तू येशील जेवायला?"

नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावानं पितृपक्षात एक सवाष्ण जेवू घालतात. मावशी म्हणजे भास्करची मावशी, आणि सवाष्णीच्या आमंत्रणाला नाही म्हणायची आपल्यात रीत नाही. एक दुपार खिडकी सुटणार होती, पण सकाळी कुलूप लावून ती इंदूरची बस धरून पुढं धारला गेली.

मावशींचं घर दहा वर्षांपूर्वीच नवं बांधलेलं, चकचकीत फरशीचं, सरकत्या काचांचं. पण बैठकीत रस्त्याकडची एकच खिडकी जुनी, काळ्या लाकडाची, आणि ती सताड उघडी. पानं दोन मांडली होती. एक कमलचं. दुसरं त्या खिडकीखाली, रस्त्याकडे तोंड करून.

"ते इंदूचं, माझ्या जावेचं," मावशी म्हणाल्या. "आणि हे बघ, जेवण झालं की गप्प उठायचं. आज निघताना 'येते' म्हणायचं नाही, कोणाला 'या' म्हणायचं नाही. श्राद्धाचं घर आहे."

कमलला हे ठाऊक होतं. पण तिचं डोकं दुसरीकडेच चालू होतं. खीर वाढून होईपर्यंत तिनं दम धरला, मग विचारलंच.

"मावशी, इंदूकाकूंचे यजमान आहेत अजून?"

"भावजी? छे गं, बावीस वर्षं झाली त्यांना जाऊन."

"मग अविधवा नवमी कशी? नवरा गेला की बंद करतात ना?"

मावशींनी हातातली पळी खाली ठेवली. बाहेर भर दुपारचा रस्ता वाहत होता, भाजीवाल्याची आरोळी ऐकू येत होती, पण खोलीत खोबरेल तेलाचा वास भरून राहिला होता. नुकतीच कोणीतरी वेणी घालून बसलीय असा.

"केली होती बंद... एक वर्ष," मावशी हळू आवाजात म्हणाल्या. "तर ही खिडकी मिटेना. कडी लावावी, की उघडी. घर पाडलं, नवीन खिडकी बसवली, तीही उघडी. शेवटी म्हटलं, बाई, तुझी तुला घे, आणि जुनीच बसवली. भावजी प्यायचे गं. ही इथं वाट बघत बसायची. बसल्या बसल्याच गेली एका संध्याकाळी. ते मात्र पुढं अठरा वर्षं जगले."

"आणि ते गेलेले...?"

"तिला कोणी सांगितलंच नाही."

"का?"

"वाट बघायचं संपलं, तर मग ती काय करील...? जेव आता. गार होतंय."

मावशी डबा भरायला आत गेल्या तशी कमल उठून खिडकीशी गेली. आता हिला काय गरज होती? पण चौकसपणा गप्प बसू देईना. खालच्या फळीवर दोन खळगे पडले होते, कोपर टेकून टेकून झिजलेले. कमलनं आपली कोपरं टेकवून पाहिली. नेमकी बसली. रस्ता दूरच्या वळणापर्यंत स्वच्छ दिसत होता. तिला त्या बाईची इतकी दया आली, आणि स्वतःची इतकी भीती वाटली, की डोळे भरून आले.

"इंदूकाकू, पुरे झालं हो आता," ती पुटपुटली. आणि तोंडाला लागलेली सवय ती! "बरं, येते मी. तुम्हीही या एकदा देवासला."

बोलली आणि जीभ चावली. वारा पडलेला होता. तरी खिडकीची एक झडप हळूच, बोटभर, आत आली.

सहाला ती देवासला पोचली तेव्हा भास्कर जिन्यात बसला होता. तोंडाला वास नव्हता. चेहरा पांढराफटक.

"तू धारला गेली होतीस ना?"

"आत्ताच उतरले. का हो?"

"चारला तू वर होतीस. खिडकीत. म्हणून सरळ वर आलो... तर कुलूप. उघडलं, आत कोणी नाही. परत खाली गेलो, वर बघितलं..." त्यानं वर बोट दाखवलं. "तिथंच होतीस. हलली नव्हतीस."

"उन्हानं डोळे दिपले असतील," कमल म्हणाली. आपला आवाज इतका शांत कसा, याचंच तिला नवल वाटलं.

एवढ्यात वैभवी पायऱ्या चढत आली. "काकू, दुपारी मी हात केला, तुम्ही बघितलंच नाही! पण हिरवा चुडा एकदम मस्त दिसत होता हं."

मावशींनी ओटीत घातलेल्या हिरव्या बांगड्या कमलच्या पिशवीत होत्या, कागदाची गुंडाळीही सुटली नव्हती.

त्या रात्री तिचा डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी मुद्दामच ती खिडकीकडे गेली नाही, स्वयंपाकघरातच घुटमळत राहिली. चार वाजले, पाच वाजले. भास्कर आठला आला तो झिंगून. "खिडकीत होतीस की," तो भिंत धरत म्हणाला, "बघितलं मी तुला... मग गेलो."

कमलच्या लक्षात आलं. खिडकीत बाई असून तो गेला होता. म्हणजे अकरा वर्षं तो आपल्या मनानंच वळत होता, इकडे किंवा तिकडे, आणि आपण उगाच गज धरून बसलो होतो! तिला रडू यायला हवं होतं. हसू आलं.

तिसऱ्या दिवशी तिनं पोशाखाची चिठ्ठी कापली आणि वैभवीबरोबर पूलवर गेली. पाण्यात उताणी पडली, कान बुडाले, वर भाद्रपदाचं धुतलेलं आभाळ आणि कडेला देवीची टेकरी. छातीतली गाठ सुटत गेली. घरी भास्कर काय करतोय, हा विचार आला आणि पाण्यावरून निघूनही गेला. "काकू, रडताय का?" वैभवीनं विचारलं. "नाही गं, क्लोरीन," कमल म्हणाली, आणि पुन्हा एक फेरी मारून आली.

आठवड्यानं मावशींचा फोन आला. आवाज कापत होता.

"कमल, आमची खिडकी मिटली गं. आपोआप. आणि आता उघडेना. घर कसं रितं रितं वाटतंय... खरं सांग, निघताना तू काही बोलली होतीस का?"

कमलनं खिडकीकडे पाहिलं. तिथल्या उशीला खळगा पडला होता, आणि खोबरेलाचा वास येत होता. पलंगावर पोशाख आणि टॉवेल बांधून तयार होता. चारला दहा कमी होते. खरं सांगितलं तर मावशी उद्या येतील, हात जोडून तिला परत नेतील, आणि मग... मग ही जागा पुन्हा कोणाची?

"नाही मावशी," ती म्हणाली. "काहीच नाही बोलले."

तिनं फोन ठेवला. मग अर्धा कप चहा गाळून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. यजमान गेल्याचं आपण तरी हिला सांगावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण घड्याळाकडे बघून तिनं ते गिळलं, पिशवी उचलली, चपला घातल्या, आणि दार ओढता ओढता सवयीनं म्हणाली, "येते हं."

"या," आतून कोणीतरी म्हणालं.

कमल दोन-दोन पायऱ्या टाकत खाली उतरली. चारच्या बॅचला ती वेळेवर पोचली.