न कुडकुडणारा माणूस

भर उन्हाळ्याची दुपार, बाहेर रस्त्याचं डांबर चपलांना चिकटतंय, आणि कॅन्टीनमध्ये एक मुलगी जाड स्वेटर घालून वाफाळता चहा फुंकत बसलीय... कुणीही वळून बघणारच. त्यानं मात्र जरा जास्तच बघितलं.

"तब्येत बरी आहे ना?"

"ठणठणीत! मी माणसांना गारठवते. नोकरीच आहे माझी."

तो शेजारच्या तलावावर पोहायला शिकवायचा. ती वरच्या मजल्यावर संशोधन करायची. आपल्या कामाचा तिला भारी अभिमान, आणि तो लपवायचं तिच्या स्वभावात नव्हतं.

"आज प्रयोगाला येणाऱ्या पाहुण्यानं दांडी मारली," ती म्हणाली. "येता का?"

"थंडी माझ्या वाटेला जात नाही," त्यानं छाती पुढे काढली. "बघा प्रयत्न करून!"

वरच्या गारेगार खोलीत तिनं त्याला गार पाणी खेळवणारं जाकीट चढवलं. मग गळ्याखालच्या हाडाच्या वरच्या खळगीवर बटणाएवढा सेन्सर चिकटवला. तिची बोटं लागली आणि तो दचकला.

"हे थंडीनं नाही हं," तो घाईघाईनं म्हणाला.

"मी कुठं काय म्हटलं?" तिनं हसू दाबलं. "ऐका. या खळगीत बऱ्याच जणांना थोडी तपकिरी चरबी असते. बाकीची चरबी नुसती साठून राहते, ही गारवा लागला की जळते आणि ऊब देते. बोटांची कातडी थंड पडते, पण इथली ऊबदार राहते. तेच मी मोजते. एकच अट– कुडकुडायला लागलात की लगेच सांगायचं. कुडकुडताना स्नायू तापतात. ती ऊब चरबीच्या नावावर जायला नको."

"मी? आणि कुडकुडणार?"

पाणी गार होत गेलं. तिनं पुन्हा पुन्हा विचारलं, "थंडी वाजतेय?" दर वेळी उत्तर एकच, "छे!" बोटांचं तापमान कोसळलं, खळगीचं मात्र चढत राहिलं. असा देखणा आलेख तिनं आजवर पाहिला नव्हता. माणूसही बरा होता दिसायला, पण ते तिनं टिपून ठेवलं नाही.

पुढं चहा रोजचाच झाला. तो उन्हातून यायचा, ती गारठ्यातून. तो तिला 'डॉक्टर' म्हणायचा, ती त्याला 'शूरवीर'.

मोठ्या परिषदेत तिला पहिल्यांदाच बोलायचं होतं. तो दिवस जवळ आला, तशी ती तरंगतच कॅन्टीनमध्ये आली. "शूरवीर, आमच्या प्रयोगशाळेच्या सरांनी तुमचाच आलेख सगळ्यात पुढे घ्यायला सांगितलाय!"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"तो... काढून टाका, डॉक्टर."

"का?"

"मी कुडकुडत होतो. पायाची बोटं आवळून, मांड्या ताणून दाबत होतो. दात तर असे आवळले होते की दुसऱ्या दिवशी भाकरी चावेना."

"मी इतक्यांदा विचारलं!" तिचा आवाज चढला, चार माणसं बघायला लागली. "का नाही सांगितलंत?"

"तुमच्यासमोर हरायचं नव्हतं." तो मान खाली घालून बसला. "आज गप्प बसलो असतो तर चाललंही असतं. पण उद्या तुम्ही तिथं ताठ मानेनं उभ्या राहणार, आणि हातात माझं खोटं... ते नाही बघवणार मला."

तिला राग आला होता. रडूही येत होतं. आणि या हट्टी माणसाचा अभिमानही वाटत होता. सगळं एकदम.

सरांनी कपाळाला हात लावला. "तोच तर आपला हुकमी एक्का होता!"

"खोटा एक्का नको मला, सर," ती म्हणाली. खाली येऊन तिनं शूरवीराला फर्मावलं, "चला वर. पुन्हा."

या वेळी पाणी जरा कुठं गार झालं, आणि जाकिटातून बारीक आवाज आला, "थंडी वाजतेय, डॉक्टर." तिनं तिथंच यंत्र थांबवलं. तोवर खळगीचं तापमान चढलं होतं, पण अगदी इवलंसं.

परिषदेत तिनं तोच नवा आलेख सगळ्यात पुढे ठेवला. "हा चढ छोटा आहे," ती खणखणीत आवाजात म्हणाली, "पण याच्यासाठी मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे." कुणीतरी घातलाही. ती एक पाऊल मागे सरली नाही. टाळ्या सुरू झाल्या तेव्हा शेवटच्या रांगेत एक रुंद खांद्यांचा माणूस उभा राहून सगळ्यांपेक्षा जोरात टाळ्या वाजवत होता, जणू पदक त्यालाच मिळालं होतं.

सभागृहातला एसी जरा जास्तच होता. ती त्याच्याजवळ गेली. अर्ध्या बाह्यांचा शर्ट... हातांवर काटा... ओठ थरथरत होते, आणि या वेळी तो काहीच लपवत नव्हता.

"खरं सांगा," तिनं विचारलं, "थंडी वाजतेय?"

"वाजतेय. भयंकर." त्यानं तिच्याकडे सरळ पाहिलं. "आणि तुम्ही आवडता. तेही भयंकर."

तिनं त्याचे गार पडलेले हात आपल्या हातांत घेतले. तिचेही तितकेच गार होते.

"दोन्ही नोंदवून घेतलं," ती म्हणाली, आणि हात सोडले नाहीत.