अंजन पचवणाऱ्या मेंढ्या

मेंढी संशोधन केंद्रात समितीसमोर तीन गव्हाणी भरल्या होत्या. एकीत पठारावरचं अंजन गवत, दुसरीत मारवेल, तिसरीत प्रयोगशाळेत घडवलेलं शतपुष्टी. मेंढ्या सोडल्या आणि सगळ्या शतपुष्टीवर तुटून पडल्या. संचालक परचुरे असे खूश, जणू त्यांनीच ते चघळलं होतं!

प्रत्येक मेंढीच्या पोटात जठरदर्शक होता, गवत किती पचलं ते पडद्यावर दाखवणारा. शतपुष्टी सगळ्यात वर. आहारतज्ज्ञ मुक्ता देवकातेची सही झाली, की पठारावरचं अंजन नांगरून हेच पेरणार होते.

"सही करणार नाही," मुक्ता म्हणाली.

"अहो देवकाते, आकडे तुमचेच ना?"

"हो सर. पण प्रत्येक मेंढीला तिन्ही गवतं आळीपाळीनं घालताना, नव्याच्या कौतुकात आपण दर वेळी सुरुवात शतपुष्टीनं केली."

"त्यानं काय बिघडलं?" समितीच्या अध्यक्षा बेग मॅडमनी विचारलं.

"गवत मेंढी पचवत नाही मॅडम, तिच्या पोटातले रवंथजंतू पचवतात. शतपुष्टीचा रस अंजन पचवणारे जंतूच मारतो. मागून आलेलं अंजन नापास होणारच की!"

"काहीतरीच!" परचुरे उखडले.

मुक्ताचं डोकं सणकलं. तिनं बाजूला बांधलेली बोरी नावाची मेंढी पुढे ओढली. "आधी शतपुष्टी खाल्लं, आता चार दिवस नुसतं अंजन. पोट टम्म, जठरदर्शक शून्य. भरल्या पोटी उपाशी मरतेय बिचारी!"

कुंपणाबाहेर अंजनावर चरणारी एक म्हातारी मेंढी तिनं आणवली. तिच्या तोंडातला रवंथाचा घास बोटांनी काढला आणि बोरीच्या घशात सारला. रवंथ बंद पडलेल्या मेंढीवर तिच्या धनगरवाड्यात हाच इलाज करत. समितीतल्या एकानं नाकाला रुमाल लावला. बेग मॅडमनी मात्र निकाल लागेपर्यंत सगळ्या कळपाचं शतपुष्टी बंद करून नुसतं अंजन घालायला लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बोरीचा आकडा चढत चढत थेट शतपुष्टीच्या बरोबरीला आला. म्हणजे शतपुष्टी सरस नव्हतंच, त्यानं फक्त बाकीच्यांना मारून पहिला नंबर काढला होता.

"तुम्ही निलंबित!" परचुरे ओरडले. "ती मेंढी वेगळी बांधा आधी!"

"बांधा की," मुक्ता म्हणाली. "कालपासून ती कळपाबरोबर पाण्याच्या एकाच टाकीत तोंड घालतेय, आणि हे जंतू लाळेतून पसरतात. आता कुणाकुणाला बांधणार?"

पडद्यावर एकेका मेंढीचं शून्य हलायला लागलं होतं.