सुकऱ्याची जागल

जिवली त्या दिवशी डोंगर उतरून कुळगावच्या बाजाराला आली ती सुंभ घ्यायला. काम अगदी साधं. दुकानदारानं सुंभाचं वेटोळं पुढं टाकलं आणि विचारलं, "काय गं, बाज विणायचीय की बैल बांधायचाय?" तिनं वेटोळं नाकाशी नेऊन हुंगलं, सुकं आहे का ते चाचपून बघितलं आणि म्हणाली, "निजाया पायजे."

दुकानदार हसला. निजायला सुंभ कुणी नेतं होय? पण कातकऱ्याच्या बाईशी वाद घालण्यात त्याला काही राम वाटला नाही. ती सुंभ कमरेला खोचून आल्या वाटेनं वर गेली.

आता हा सुंभ कशाला, ते सांगतो. पण आधी कोळशाची भट्टी म्हणजे काय ते ऐका, नाहीतर पुढचं काही डोक्यात शिरायचं नाही. देश स्वतंत्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. उल्हासनगरच्या कॅम्पात घरंदारं सोडून आलेली सिंधी माणसं बराकीबराकीतून भरली होती, आणि त्या सगळ्यांच्या शेगड्यांना कोळसा जाई तो बारवीकडच्या डोंगरातून. लाकडं उभी रचायची, वर पाला, पाल्यावर ओली माती, आणि पोटात विस्तव. लाकूड जळता कामा नये, आतल्या आत नुसतं शिजलं पाहिजे. मातीला कुठं चीर गेली, वारा आत घुसला, की झालाच भडका. मग कोळसा कसला, राख! म्हणून भट्टी लागली की ती निवेपर्यंत दिवसरात्र कुणीतरी जागं हवंच. त्या जागण्याला म्हणायचे जागल.

भट्टी मिळायची ती सहसा जोडप्याला. एक निजणार, एक जागणार. सुकऱ्या आणि जिवली लग्न झाल्यापासून तसेच जगले. दिवाळी सरली की डोंगरात जायचं आणि भट्टीशेजारी एकच घोंगडी टाकायची. एकजण उठला की दुसरा त्याच उबेत शिरे. त्यांच्या अंथरुणाला गार व्हायला कधी मिळालंच नाही, पण दोघं शेजारी शेजारी निजलेत, असंही त्या महिन्यांत कधी घडलं नाही. आणि उठवायचं ते हाक मारून नाही. रानात काळोखात कुणाचं नाव घ्यायचं नाही, ही तिथली रीत. जागणाऱ्यानं निजलेल्याच्या पायाचा अंगठा दाबायचा. अंगठा दाबला की जागल तुझी झाली. दाबणारा मोकळा.

गेल्या हंगामात जिवलीला ताप होता. सुकऱ्यानं तिला उठवलीच नाही. तिची जागल आपणच केली, मग त्यापुढची आपली, परत तिची. पहाटे कधीतरी चीर लिंपायला तो भट्टीवर चढला आणि दमलेल्या पायाखालची माती आत खचली. जिवलीला जाग आली ती तोंडावर आलेल्या उन्हानं. भट्टीवर तिला उन्हानं कधीच उठवलं नव्हतं. ती उठून बसली, आपल्या अंगठ्याकडं बघितलं, आणि मग भट्टीकडं.

मेलेल्या माणसाला बोलू नये म्हणतात, पण मला सुकऱ्याचा रागच येतो. अरे बाबा, दाबला असतास एकदा अंगठा! ताप काय, उतरला असता. बायकोला चार घटका झोप मिळावी म्हणून तिला जन्माची जागी करून गेलास.

कारण जिवलीनं मनात एकच धरलं होतं. तो गेला तेव्हा आपण निजलो होतो. त्याचं तोंडसुद्धा शेवटचं बघितलं नाही. तिच्या दीरानं, बारकूनं, तिला परोपरीनं सांगितलं, "वैनी, दुसऱ्याशी पाट लाव, नायतर माझ्या भट्टीवर ये. एकटीच्यानं भट्टी नाय व्हत." ती ऐकेना. भट्टी लावीन तर त्याच जागेवर, आणि जागल करीन ती एकटीनं.

"मंग निजशील कवा?" बारकूनं कपाळावर हात मारला.

वाडीत विठा नावाची म्हातारी होती. तिनंही तरुणपणी नवरा आजारी असताना एकटीनं भट्टी काढली होती. जिवली तिच्या पायाशी जाऊन बसली. विठा म्हणाली, "झोप सबंध खाऊ नको गो. भाकरीसारखी मोड. सकाळी एक तुकडा, दुपारी एक, सांजला एक, रातचे दोन-चार. पण आदी शीक. भट्टी लावल्याव शिकाया गेलीस तर राख व्हईल."

तर सुंभ हवा होता तो याच्यासाठी. सुंभाचं एक टोक पेटवायचं, दुसरं पायाच्या बोटांत धरायचं आणि आडवं व्हायचं. सुंभ धुमसत धुमसत पायाशी आला की चटका. चटका बसला की उठायचं. वाडीतल्या बायका शेतातून येत तेव्हा जिवली निजलेली, आणि त्या निजायला जात तेव्हा ही अंगणात फेऱ्या मारतेय. बायका फिदीफिदी हसत. तिची बोटं चटक्यांनी काळी पडली. डोकं जड झालं, हातातलं भांडं कधी खाली ठेवलं ते आठवेना. भर उन्हात ओसरीवर कुणी बसलंय असं वाटून ती दचके, आणि बघते तर कुणीच नाही. पण हळूहळू अंगाला सवय लागली. झोपेचे तुकडे झाले. आता ही झोप आपल्याला गिळू शकणार नाही, अशी तिची खात्री पटली, आणि तिनं भट्टी लावली.

पहिले काही दिवस सगळं नीट गेलं. पांढरा दाट धूर, ओल्या लाकडाचा आंबूस वास. चटका बसला की ती उठे, भट्टीभोवती फिरे, चिरा लिंपी, आणि सुंभाचा नवा तुकडा पेटवून परत आडवी होई.

मग एका दुपारी ती उठली ती चटक्यानं नाही. आपोआप. ऊन बरंच कललं होतं. तिनं पायाकडं बघितलं. सुंभ अर्धाच जळला होता. कुणीतरी तो चिमटीत धरून विझवला होता. ती धावत भट्टीकडं गेली. वाऱ्याच्या अंगाला एक लांब चीर पडलेली होती, आणि ती कुणीतरी लिंपली होती. माती अजून ओली होती. तिच्यावर पंजा उमटला होता, मोठा, बाप्याचा.

आसपास चिटपाखरू नव्हतं.

तुम्ही म्हणाल, बाई घाबरली असेल. छे! ती त्या मातीवर गाल टेकून रडली.

त्या दिवसापासून रोज तसंच. जिवली निजली की सुंभ विझे. तिला आता झोपेतही ऐकू येऊ लागलं. पालापाचोळ्यातून पावलं... मातीचा गोळा भट्टीवर बसल्याचा आवाज... मग दोन थापा. सुकऱ्या लिंपून झालं की नेहमी दोन थापा मारी. विडीचा वास येई. ती डोळे उघडी तेव्हा मात्र कुणी नसे. नुसता धूर, आणि ओली माती. तो जागा असला की ही निजलेली आणि ही जागी झाली की तो नाही. त्यांचा संसार आधीही असाच होता, म्हणून तिला त्यात वावगं काही वाटलं नाही. तिनं सुंभ पेटवायचंच सोडून दिलं. मिळेल तेव्हा निजायची. सकाळी, दुपारी, तिन्हीसांजेला. निजलं की तो येतो, मग जागायचं कशाला? एकच हुरहूर होती. एकदा, फक्त एकदा, त्याचं तोंड दिसावं.

पण मग थापा मंदावल्या. दोन्हींमध्ये मोठा खंड पडू लागला. पावलं ओढल्यासारखी वाजू लागली. एकदा मातीचा गोळा हातातून निसटून पडला, आणि बराच वेळ कुणी तो उचललाच नाही.

विठा आंबील घेऊन वर आली, तेव्हा जिवलीनं तिला सगळं सांगितलं. म्हातारी भट्टीवरचा पंजा बघत उभी राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "त्यानं तुना उठवली नाय ना त्या रातीला?"

"नाय."

"मंग त्याची जागल कुनी घेतली?"

जिवली त्या पंजाकडं बघू लागली.

"कुनी नाय घेतली गो. त्या रातीपासून तो उभाच हाय."

जिवलीनं तिचे पाय धरले. "ऱ्हाऊं दे ना गो आजे... मी निजंन. जलमभर निजंन. मी निजंस्तवर तो हितं हाय. मी जागल घेतली तं तो जाईल."

"आन् त्याची झोप?" विठानं विचारलं. "तुना तुकडं तरी भेटलं. त्याला तेवढंबी नाय."

विठा उतरून गेली. जिवली घोंगडीवर पडून राहिली, डोळे मिटून, पण जागी. ऊन भट्टीवर तापत होतं. दूर अंबरनाथच्या कारखान्याचा भोंगा झाला, आणि तो थांबल्यावर रान फारच गप्प वाटू लागलं. मग पावलं आली. ओढत, अडखळत. माती बसली. एक थाप... कितीतरी वेळ काहीच नाही... आणि मग दुसरी, अगदी हलकी. त्यानंतर एक उसासा आला. दिवसभर मोळ्या वाहून आलेला माणूस दारात टेकतो ना, तसला.

तो उसासा तिला सोसवला नाही.

डोळे मिटूनच ती उठून बसली. लग्न झाल्यापासून जे नाव तिनं कधी तोंडातून काढलं नव्हतं, ते काढलं. "सुकऱ्या... मी उठलंय. तू निज आता."

पावलं थांबली.

तिनं डोळे उघडले ते भट्टीकडं. जागल घेणाऱ्यानं नजर भट्टीवरून काढायची नाही, मागं तर बघायचंच नाही, नाहीतर निजणाऱ्याला झोप लागत नाही. कोणीतरी तिच्या अगदी जवळून मागं गेलं. धुराचा, घामाचा, करपलेल्या कशाचा तरी वास आला. मान एवढीशी वळवली असती तर तोंड दिसलं असतं. ज्याच्यासाठी एवढा अट्टाहास केला ते तोंड! तिनं दोन्ही हातांनी आपली मान गच्च धरली आणि नाही बघितलं. घोंगडी सळसळली. तिनं नुकत्याच सोडलेल्या उबेत कुणीतरी शिरलं. थोड्या वेळानं घोरणं सुरू झालं. तेच, शेवटी शीळ वाजणारं. त्याची झोप मोडू नये म्हणून ती लुगड्याचा बोळा तोंडात कोंबून रडली.

भट्टी निवली. कोळसा एकदम सरस निघाला. गोणी भरून खाली गेल्या. बारकू निरोपावर निरोप पाठवत होता, पण जिवली वाडीत परतेना. म्हणून एका सकाळी विठाच वर चढून आली. लख्ख ऊन होतं. जिवली राखेच्या गोलापुढं बसली होती, पाठमोरी. तिच्या मागं रिकामी घोंगडी पसरलेली.

"अगो, भट्टी सपली ना? मंग हितं काय..."

जिवलीनं ओठावर बोट ठेवलं. "हळू बोल आजे. निजलाय तो."

विठा तिच्यासमोर पाय पसरून बसली. चढण चढून गुडघे भरून आले होते. आणि मग तिलाही ते ऐकू आलं. रिकाम्या घोंगडीतून, संथपणे, एका लयीत. तिनं जिवलीकडं बघितलं. डोळे खोल गेलेले, लालभडक, आणि सताड उघडे.

"तू कवापासून निजली नायस गो?"

"डोळं मिटतंय, पन लागतच नाय," जिवली म्हणाली. तक्रार नव्हती, नुसती दमली होती. "त्याचा अंगठा दाबाया जीव व्हत नाय. एवढ्या दिसांनी निजलाय, कसा उठवू?" घोरण्याची शीळ वाजली, थांबली, परत वाजली. जिवलीची नजर हळूच खाली गेली आणि विठाच्या पसरलेल्या पायांवर येऊन ठरली. बसल्या जागेवरून ती थोडी पुढं सरकली.

"आजे," तिनं अगदी मायेनं विचारलं, "तुझी झोप झाली हाय ना गो?"

विठानं दोन्ही पाय लुगड्याखाली ओढून घेतले.