बिनखळीचा कोट

कुत्र्यासाठी घोंगडं मागायला चिखलीत त्या दिवसापर्यंत कुणी आलं नव्हतं.

आषाढातली झड आठ दिवस लागून राहिली होती. घोंगडी विणणाऱ्या सनगरांच्या आळीत माग बंद होते, आणि सोजरा पडवीत बसून लोकर पिंजत होती. दाराशी एक सायकल थांबली. वर बसलेला तरुण भिजून चिंब झालेला. मागच्या कॅरिअरवर गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी होतं, आणि ते थरथरत होतं.

“लक्ष्मणराव सनगरांचं घर ह्येच का?”

“व्हय. आबा आळंदीला गेल्यात. काय काम हाय?”

त्याने गोणपाट सोडलं. आतून एक कुत्रं निघालं. पाय बारीक, केस आखूड, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा.

“ह्याला एक कोट पायजे... घोंगड्याचा.”

सोजराने आधी कुत्र्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि पदर तोंडाला लावला.

“नाव काय म्हणायचं ह्याचं?”

“टायगर.”

मग तर तिला पदरही पुरेना.

त्याचं स्वतःचं नाव ज्योतीराम. पिंपरीच्या औषध कारखान्याच्या कॉलनीत एका इंजिनिअर साहेबांच्या बंगल्यावर तो कामाला होता. बाग, बाजार आणि टायगर अशी तीन कामं. त्यातलं टायगरचं सगळ्यात अवघड, कारण पावसात पाय मोकळे करून आलं की ते दोन दिवस कण्हत पडायचं, आणि साहेब ज्योतीरामला बोलायचे.

“कुत्र्याला कोट लागत न्हाई,” सोजरा म्हणाली. “आमचा काळ्या बघा.”

काळ्या अंगणात होता. मेंढरामागं फिरणाऱ्या जातीचं ते दांडगं कुत्रं भर पावसात उकिरड्याशेजारी सुखाने झोपलं होतं.

“त्याला नसंल लागत. ह्याला लागतो.”

सोजरा हटवादी होती, पण आंधळी नव्हती. ती पावसात उतरली आणि काळ्याचे केस बोटांनी बाजूला करून पाहिले. वर पाणी, खाली लव कोरडी. मग तिने टायगरच्या पाठीवर हात ठेवला. कातडं गार पडलं होतं.

“व्हय,” ती म्हणाली. “काळ्याला कोट घातला तर त्यो गुदमरंल. ह्याला मात्र देवानं पैरणच दिली न्हाई.”

“आन् माणसाचं काय म्हणता?” तो निथळत उभा होता.

“माणसानं घरातनं निघताना आभाळाकडं बघावं.”

असं म्हणाली खरी, पण खुंटीवरचं जुनं घोंगडं तिने त्याच्या हातात दिलं. त्याने एका झटक्यात त्याची खोळ केली आणि डोक्यावर घेतली. बंगल्यावरच्या माणसाला हे बरं जमलं, असं तिच्या मनात आलं आणि गेलं.

मग माप घ्यायला दोरा लागला. गळ्यापासून शेपटीपर्यंत, मग पोटाखालून. टायगर एका जागी ठरेना, म्हणून दोघांनी त्याला धरलं. पोटाखाली दोघांची बोटं एकमेकांना लागली. तो म्हणाला, “आठ दिसांनी येऊ?” ती म्हणाली, “या की.” एवढंच. पण दोऱ्याला गाठ कुठे मारली होती, ते त्या दिवशी सोजराला चारदा विसरायला झालं.

कोट तिने मन लावून केला. आई गेल्यापासून घरातली सूतकताई आणि खळ तिच्याकडेच होती. चिंचोके भाजायचे, भिजवायचे, वाटून शिजवायचे, आणि ती चिकट खळ कुंच्याने ताण्याच्या उभ्या धाग्यांना लावायची. त्याशिवाय घोंगड्याला अंग येत नाही, हे सनगराच्या पोरीला कुणी शिकवावं लागत नाही. कोट अंगासरशी बसला, आणि ज्योतीराम आणि टायगर दोघेही ऐटीत परत गेले.

आठ दिवसांनी ज्योतीराम परत आला. कोटाचा छातीवरचा भाग गायब होता.

“उंदीर!” सोजरा म्हणाली.

“असतील की,” ज्योतीराम म्हणाला आणि आभाळाकडे पाहू लागला.

तिला हे लागलं. तिच्या हाताला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. दुसऱ्या कोटाला तिने दुप्पट खळ घातली, उंदराचा दात लागू नये म्हणून. तो कोट पाच दिवसही टिकला नाही. मग डागडुजी, मग पुन्हा डागडुजी. ज्योतीराम येत राहिला, लक्ष्मणरावांशी पावसापाण्याच्या गोष्टी करत राहिला, आणि सोजराचं लक्ष सायकलच्या घंटीकडे राहू लागलं. आळीतल्या बाया विचारायच्या, “काय गं सोजरा, तुझं गिऱ्हाईक आलं न्हाई का आज?”

आणि त्याच सुमारास जेजुरीकडचं स्थळ आलं.

स्थळात खोट नव्हती, हीच अडचण होती. मुलगा सरळ, घरचे दोन माग, माणसं चांगली. पोळ्याच्या दिवशी गावचे अर्जुनराव त्या बाजूला निघणार होते, त्यांच्याबरोबर होकाराचा निरोप धाडायचा असं लक्ष्मणरावांनी ठरवलं. सोजरा नाही कशावरून म्हणणार? बंगल्यावर काम करणारा, जातीचा की परजातीचा ठाऊक नाही, तोंडाने एक शब्द न बोललेला माणूस... त्याचं नाव तरी कसं घ्यायचं? त्याला तिने कधी आडनाव विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, आणि त्या उत्तराची तिला भीती वाटत होती.

पोळ्याला पाच दिवस उरले असताना उघडीप मिळाली. आळीभर ताणे पसरले गेले. सोजरा कुंचा घेऊन आपल्या ताण्याला खळ लावत होती, तोच ज्योतीराम आला. त्याने सायकल लावेपर्यंत टायगरने उडी मारली, ते तडक ताण्याकडे धावलं आणि ओल्या धाग्यांवरची खळ मिटक्या मारत चाटू लागलं.

सोजरा बघतच राहिली. म्हणजे उंदीर नव्हतेच! कोट टायगरनेच खाल्ला होता, आणि तिने त्याला दुप्पट वाढलं होतं.

तिने हाड् केलं तसं ते दचकून धाग्यांत अडकलं, आणि पंधरा-वीस धागे तटातट तुटले. ज्योतीराम पुढे झाला. कुत्र्याला सोडवून तो खाली बसला, बोट जिभेला लावलं, आणि तुटलेली दोन टोकं चिमटीत धरून पीळ दिला. गाठ नाही, काही नाही. धागा अखंड. मग दुसरा. मग तिसरा.

सातव्या धाग्याला तो थांबला, कारण सोजराची सावली त्याच्या हातावर पडली होती.

“ह्ये बंगल्यावर शिकवत्यात व्हय?”

तो मान खाली घालून म्हणाला, “आमी सांगोल्याचे सनगर.”

सोजराच्या काळजातला एक भला थोरला धोंडा बाजूला झाला. पण राग त्याहून थोरला होता.

“म्हंजी खळीचं तुमाला ठावं हुतं? पयल्या दिसापासनं?”

“व्हय.”

“आन् मी उंदरांना शिव्या देत बसले! आळी हसली मला. बोलला का न्हाई?”

“पयलाच कोट टिकला असता...” तो अडखळला. “...तर दुसऱ्यांदा कशापायी आलो असतो?”

तिला हसू आलं, आणि रडूही. तिने दोन्ही दाबलं आणि जेजुरीचं सगळं सांगून टाकलं. त्याचा चेहरा उतरला.

“आबांस्नी इचारतो. आत्ताच.”

“एकट्यानं? आबा इचारतील, वडील कुठं हाईत.”

तिथेच घोडं अडलं. तीन वर्षांपूर्वी तो मागावरून उठला होता. आमचा जन्म ह्या मागाच्या खड्ड्यातच जायचा का, असं बापाला तोंडावर बोलून तो पिंपरीला आला. तेव्हापासून पत्र नाही, जाणं नाही.

“कोट पोळ्याला तयार असंल,” सोजरा म्हणाली. “पर एकटं यायचं न्हाई. वडलांच्या पाया पडा, त्यांना घेऊन या. ते जमत नसंल तर... टायगरला गोणपाट बरं हाय.”

पुढचे चार दिवस तिने बिनखळीचं सूत विणलं. तसं सूत मागावर टिकत नाही, म्हणून दुहेरी पीळ देऊन, तुटेल तिथे जोडत, वीत वीत पुढे सरकत. लक्ष्मणराव म्हणाले, “कुत्र्यासाठी एवढं?” तिने पुढचा तुटका धागा जोडायला घेतला. तो आला नाही तर आपण जेजुरीला जाऊ, आणि तिथे सुखाने नांदूही, हे तिला कळत होतं. तेच तिला नको होतं.

पोळ्याला दुपार टळली. झुली घातलेले बैल वेशीकडे निघाले. अर्जुनराव पिशवी घेऊन दारात आले आणि म्हणाले, “काय निरोप द्यायचा, लक्ष्मणराव?” सोजरा आत दाराआड उभी होती. तेवढ्यात तिला घंटी ऐकू आली.

कॅरिअरवर टायगरला बसवून, सायकल हातात धरून ज्योतीराम चालत येत होता, आणि त्याच्या बाजूने एक उंच म्हातारा. दोघांत हातभर अंतर होतं आणि बोलणं काही चाललेलं दिसत नव्हतं. पण आले होते.

“मी सोपानराव. सांगोल्याचा,” म्हाताऱ्याने राम राम घातला. “पोरगं म्हणतंय कुत्र्याचा कोट न्यायचा हाय. म्या म्हनलं, त्येच्यासाठी बापाला बलवत न्हाईत.”

लक्ष्मणरावांनी कोट आणून दिला. सोपानरावांनी तो अंगठ्याखाली फिरवला, उजेडाला धरला, पुन्हा फिरवला.

“खळ न्हाई ह्याला.”

“कुत्रं चाटून खातंय,” दाराआडून आवाज आला.

“आन् हे तुला ठावं नव्हतं?” म्हाताऱ्याने मुलाला विचारलं.

“...ठावं हुतं.”

सोपानराव मुलाकडे बघत राहिले. मग त्यांच्या मिशा हलल्या. “तीन वर्सं मला वाटत हुतं, शिकवलेलं समदं इसरलास.”

लक्ष्मणरावांनी एकदा कोटाकडे पाहिलं, एकदा दाराकडे. मग म्हणाले, “अर्जुनराव, जेजुरीचा निरोप आज ऱ्हाऊ द्या. सोजरा, पाव्हण्यांना बसायला घोंगडं टाक.”

तिने घडी न मोडलेलं नवं घोंगडं आणलं आणि पडवीत अंथरलं. अंथरताना ज्योतीरामकडे पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर हसू आलं असतं. त्यावर सगळ्यांच्या आधी टायगर जाऊन बसला, ज्योतीरामने चढवलेला नवा कोट अंगात घालून, आणि घोंगड्याचा कोपरा चाटू लागला.

सोजराने पाहिलं, आणि चाटू दिलं.