आगारीच्या आधी

प्रेमराजला टीव्ही घ्यायचा होता आणि पैशाची अडचण नव्हती. खरं तर तीच अडचण होती. खिसा हलका असला की माणूस परवडेल त्या वस्तूवर बोट ठेवतो आणि मोकळा होतो. प्रेमराजचं कापसाचं जिनिंग यंदा जोरात चाललं होतं, त्याला सगळ्यात चांगला हवा होता, आणि सगळ्यात चांगल्याला अंत नसतो.

शहरात अक्षय तृतीया म्हणजे खरेदीचा मुहूर्त. अमळनेरजवळच्या त्याच्या गावात मात्र ती आखाजी, पितरांचा दिवस. घागर पुजायची, घरातल्या थोरल्यानं गेलेल्या एकेकाचं नाव घेत उंबरठ्यावर कुंकवाचं बोट ओढायचं, मग पितरांसाठी निखाऱ्यावर तूप आणि घास सोडायचा. ती आगारी. ती पडेपर्यंत त्यांच्या घरात कुणी जेवत नसे, बाहेरही जात नसे. प्रेमराजनं गाडीची किल्ली उचलली तेव्हा त्याचे वडील, लोटनआबा, ओट्यावरून म्हणाले, "आगारी पडू दे रे भो. आज वाट पितरसनी शे."

"मुहूर्त टळी जाई, आबा. मी आगारीना आधी येसू."

बायको, दिपमाला, चुलीपासून उठून दारात आली. नुसती पाहत राहिली. ते त्याला टोचलं, पण गाडी तोवर सुरू झाली होती.

धुळ्याच्या शोरूममध्ये लीलाधर नावाचा विक्रेता त्याला चिकटला. जिभेवर साखर असलेला माणूस. बाहेरच्या दालनात सगळ्या पडद्यांवर एकच पोपट उडत होता. प्रेमराजला एक टीव्ही पसंतही पडला.

"बजेट मोकळं आहे ना, भाऊ? मग इथे कशाला थांबता? आत या."

आतल्या पडद्यांवर कपाशीचं शेत होतं, बोंडाच्या कडेची काळी रेघ दिसावी इतकं स्वच्छ. प्रेमराज हरखला. घड्याळाकडे पाहिलं. वेळ होता. "याच्याहून भारी?" हे मात्र त्यानं स्वतःच विचारलं.

तिसऱ्या दालनात भिंतीएवढा एकच पडदा. त्यावर अंगण, कडुनिंब, चुलीशी पाठमोरी बाई. आपल्याकडचंच गाव दाखवलंय म्हणून त्याला मौज वाटली. मग ओट्याची फुटकी फरशी दिसली. ती त्यानंच ट्रॅक्टर मागे घेताना फोडली होती.

"हे कुठलं शूटिंग?"

"कंपनीकडून येतं, भाऊ. काळा रंग बघा, किती खोल आहे."

"हे माझं घर आहे."

"सगळ्यांना आपलंच वाटतं. पिक्चरच तसं आहे."

"पण आमची भिंत निळी आहे. ही पिस्ता."

"रंग कमीजास्त करता येतो ना." लीलाधरनं रिमोट दाबला. निंब हिरवागार झाला, आकाश भडक झालं. भिंत पिस्ताच राहिली.

बाईनं मान वळवली. दिपमाला होती. पडदा इतका स्वच्छ होता की कपाळावर टिकली लावायची जागा फिकट पडलेली दिसत होती. टिकली नव्हती.

प्रेमराजची पाचावर धारण बसली. टीव्ही गेला चुलीत, आपण घरी जायचं, असं ठरवून तो आल्या दारानं बाहेर पडला. पुढे कपाशीचं दालन यायला हवं होतं. आलं ते पुन्हा तेच अंगण, आणखी मोठं.

"लीलाधर! रस्ता कुठे आहे?"

लीलाधर मागे नव्हता. प्रेमराज पुढच्या दारातून पळाला. पुन्हा अंगण. आता त्याला चुलीचा धूर नाकाशी जाणवला.

त्यानं घरी फोन लावला. पडद्यावर, कोनाड्यातला फोन वाजू लागला. दिपमालानं पदराला हात पुसून तो पाहिला.

"कोना फोन शे?" आबांचा आवाज. किती थकलेला!

"नंबर वळखू येत नही, आबा."

"ऱ्हाऊ दे मंग."

तिनं फोन पालथा ठेवला. प्रेमराजच्या हातातला फोन गप झाला.

"दिपमाला!" तो काचेवर मुठी आपटू लागला. "मी येतोय! आगारी टाकू नका! मी येतोय गं!"

आबा काठी टेकत उंबरठ्याशी बसले. वाटीतल्या ओल्या कुंकवात बोट बुडवलं.

"हिलाल," ते म्हणाले आणि एक रेघ ओढली. ते पणजोबा.

"चिंधा." आजोबा.

"शेवंताबाई." प्रेमराजची आई.

आता संपायला हवं होतं. घरात आणखी कुणी गेलेलं नव्हतं.

आबांनी पुन्हा बोट बुडवलं. बोट उंबरठ्यावर बराच वेळ अधांतरी राहिलं. ओठ हलले, पण नाव फुटेना. शेवटी दिपमालानंच ते म्हटलं, नवऱ्याचं नाव घेताना बाई म्हणते तसं, हळू.

रेघ ओढली गेली.

मग तिनं पुरणपोळीचा घास मोडला, तुपात बुडवला आणि निखाऱ्यावर सोडला. धूर सरळ पडद्याकडे आला.

प्रेमराजनं मुठी आपटणं थांबवलं. सकाळपासून त्याच्या पोटात चहाशिवाय काही गेलं नव्हतं. आता जिभेवर तुपाची चव आली, आणि पोट भरलं.