उशिरा लागणारा ब्रेक

व्हिडिओ गेमची यंत्रं दुरुस्त करणं हा माझा धंदा. त्या दुपारी मास्तरांच्या घरी गेलो तो अगदी साध्या तक्रारीसाठी. कंट्रोलरचं बटण दाबलं की पडद्यावरची गाडी उशिरा ऐकते, एवढंच. मास्तर म्हणजे जन्मभर लोकांना मोटार चालवायला शिकवलेला माणूस. मेंदूचा झटका येऊन गेल्यावर हात चालता राहावा म्हणून डॉक्टरांनी त्यांना हा शर्यतीचा खेळ सुचवला होता.

"अर्धं गाव माझ्या हाताखाली ब्रेक दाबायला शिकलं," मास्तर म्हणाले, "आणि ही पोरखेळातली गाडी माझं ऐकत नाही."

"घरात तरी कोण ऐकतं?" मास्तरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, म्हणाल्या. पण मला दाराशी गाठून त्यांनी हळूच विचारलं, "भाऊ, दोष यंत्रातच आहे ना? त्यांच्यात नाही ना?"

माझी पद्धत ठरलेली आहे. अंगठा आणि पडदा एकाच चौकटीत येतील असा फोन लावायचा आणि ते चित्रण अगदी संथ करून बघायचं. तसं बघितलं. मास्तरांचा अंगठा वळणाआधी, न थरथरता, नेमका ब्रेकवर बसत होता. गाडी मात्र भिंतीवर आदळून गेल्यावर ब्रेक लावत होती.

"हात चोख आहे," मी म्हणालो. वहिनींनी डोळे पुसले.

मग मी स्वतः खेळून पाहिलं. ब्रेक दाबताक्षणी गाडी थांबली. कंट्रोलर बदलला, टीव्हीची वायर बदलली, सगळ्या सेटिंग पालथ्या घातल्या. माझ्या हातात गाडी शहाण्यासारखी वागायची, मास्तरांच्या हातात उशीर करायची. आणि तो उशीर वाढत चालला होता. माझी मती गुंग झाली.

मास्तर कंट्रोलर टेबलावर ठेवून पाणी प्यायला उठले. पडद्यावरची गाडी सावकाश वळली.

"हे मघाचं वळण," ते घोट घेत म्हणाले. "बघ, मघाशी इथेच माझा अंगठा घसरला होता."

गाडी घसरली.

मी यंत्र न्यायला नंतर येतो म्हणालो. त्यानंतर थोड्याच दिवसांत मास्तर गेल्याचं कळलं. मग एका संध्याकाळी वहिनींचा फोन आला. "भाऊ, येता का? गाडी चालतेय."

खोलीचे पडदे ओढलेले होते. औषधांचा वास अजून गेला नव्हता. कंट्रोलरचे सेल काढून टेबलावर ठेवलेले, आणि टीव्हीवर गाडी पळत होती. एकेक वळण असं सफाईनं घेत होती की बघत राहावं.

"शेवटी शेवटी दिवसभर दाबत बसायचे," वहिनी म्हणाल्या. "गाडी जागची हलायची नाही. म्हणायचे, पोचेल गं, पोचेल..."

"वहिनी, बंद का नाही केलंत?"

"हात चोख आहे, तुम्हीच म्हणालात ना?"

तेवढ्यात गाडीचा वेग कमी झाला. शर्यतीचा रस्ता सोडून ती कडेला आली आणि थांबली. इंजिन घुमत राहिलं. मग शेजारच्या आसनाचं दार उघडलं.

त्या खेळात दारं उघडत नाहीत. ती नुसती रंगवलेली असतात.

वहिनी उठल्या. केसांवरून हात फिरवत, नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "आले हो... चप्पल तरी घालू द्या."

मी झडप घालून प्लग उपटला. पडदा काळा झाला. एक पाय चपलेत घालून वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या.

"असं का केलंत, भाऊ?"

मी तसाच हातात वायर धरून उभा होतो. खोलीत कुठेतरी, अगदी हलक्या आवाजात, इंजिन अजून घुमत होतं. आवाज टीव्हीतून येत नव्हता.

मग हॉर्न वाजला. एकदाच... घरच्या माणसाला बोलावताना वाजवतात तसा.