वाटीच्या तळाचा सात

माणसाने पोटावर विजय मिळवला की त्याला जगात जिंकण्यासारखं दुसरं काही उरत नाही, असं वाक्य विमा सर्वेक्षकाने सकाळी सहा वाजता वहीत लिहिलं. मग त्याने वहीचा कोपरा हुंगून पाहिला. कागदाला बिस्किटासारखा वास येत होता.

नुसत्या सुपावर ठेवून शरीरातलं ‘विष’ काढणाऱ्या या विषमुक्ती केंद्रात येऊन त्याला सहा दिवस झाले होते. वर्षभर तो जळालेली गोदामं बघत गावोगाव फिरला होता, आणि प्रत्येक मुक्कामी हॉटेलच्या बुफेचीही त्याने तितकीच कसून पाहणी केली होती. पँटचं बटण उडून साहेबांच्या चहात पडलं, तेव्हा बायकोने त्याची इथे रवानगी केली. ‘स्वतःचे पाय दिसायला लागले की परत या,’ म्हणाली.

वही मिटून तो उठला. शेजारच्या खाटेकडे पाहिलं आणि जागच्या जागी थबकला.

खाटेवर पंपवाले होते. पाण्याचे पंप विकत फिरणारे, त्याच्यासारखेच हॉटेलांनी पोसलेले. ते भिंतीकडे बघत काहीतरी पुटपुटत होते. सदरा घामाने चिंब, हात बर्फासारखा गार. त्यांनी सर्वेक्षकाकडे पाहिलं आणि त्याला ‘आई’ अशी हाक मारली.

सर्वेक्षकाच्या पोटात गोळा आला. गेल्या तीन दिवसांत पोटात आलेली तेवढीच भरीव वस्तू.

रुग्णवाहिका आली. तिच्यातल्या डॉक्टरांनी बोटातलं रक्त तपासलं आणि घाईने सुई काढली.

“रक्तातली साखर जवळजवळ संपलीय. मधुमेहाच्या गोळ्या घेतात का?”

“रोज एक. कालची माझ्यासमोर घेतली.”

डॉक्टरांनी पाकीट मोजलं. हिशेब बरोबर होता.

“मग आणखी कुठून तरी पोटात गेल्या असतील. काल काय खाल्लं यांनी?”

“सूप.”

“आणखी?”

“सूपच.”

“तासभर उशीर झाला असता, तर...” डॉक्टरांनी वाक्य अर्धवट सोडलं आणि रुग्णवाहिका गेली.

ते सूप एकाच पातेल्यातून सगळ्यांना वाढलं होतं. भोजनगृहात अकरा माणसं स्वतःचं मनगट धरून नाडी मोजत बसली होती. बहुतेकांचे हात थरथरत होते. सर्वेक्षकाचा हात इतका थरथरत होता, की नाडी कोणती आणि थरथर कोणती हे त्याला ठरवता येईना.

“मी बघतेय,” निवृत्त मुख्याध्यापिका हळूच म्हणाल्या. “आधी उष्ट्या वाट्यांना मुंग्या लागायच्या. तीन दिवसांत एकही फिरकली नाही. मुंग्यांना कळतं.”

त्यानंतर कोणी पाण्याच्या पेल्यालाही हात लावला नाही.

केंद्राचे संचालक खुर्चीत बसूनच बोलले. एरवी ते उभे राहून तासभर बोलत. “सहा वर्षं मीही दोन्ही वेळा हेच सूप पितोय. दुसऱ्या कशाला शिवत नाही. माझ्या सुपात दोष नाही. दोष हातात आहे.”

हात कोणाचे, हे सगळ्यांना माहीत होतं. स्वयंपाकाच्या मावशी मुलीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. तीन दिवस संचालकांची सून सूप करत होती. आणि परवाच पंपवाल्यांनी तिला सगळ्यांदेखत झापलं होतं. ‘हे सूप आहे की भांडी विसळलेलं पाणी?’

“पोलिसांना कळवलंय,” संचालक म्हणाले. “दुपारी येतील. घरचं माणूस म्हणून पाठीशी घालणार नाही.”

सर्वेक्षक स्वयंपाकघरात गेला. सून ओट्याशी उभी होती. रडून डोळे सुजले होते.

“सुपात काय घालता, ताई?”

“भिंतीवरच्या कागदावर आहे ते. भोपळा, पाणी, मीठ, मिरी.”

“किती?”

“लिहिलंय तितकंच, ग्रॅमवर मोजून. लग्नाआधी मी औषधांच्या प्रयोगशाळेत होते ना, काका.”

“हे आज बाहेर कोणाला सांगू नका. इथे आणखी कोण येतं?”

“मामंजी येतात. झाकण उघडून वास घेतात, जरा थांबतात, जातात.”

“पंपवाल्यांचा राग आला होता?”

“आला होता. पण त्यांचं काही चुकलं नव्हतं. मलाही ते पाण्यासारखंच लागलं.” ती थांबली. “काका, मला नेतील का हो?”

नाही म्हणायला त्याने तोंड उघडलं. पण घेरी आली, म्हणून तो पालथ्या बादलीवर बसला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. आता आपला नंबर. आपण कोणाला आई म्हणणार, कोण जाणे.

समोर ओट्यावर त्याची कालची वाटी होती, न संपलेल्या सुपासकट. प्रत्येक वाटीच्या तळाशी खाटेचा क्रमांक रंगवलेला असे. सुपातून सात स्वच्छ दिसत होता.

त्याने वाटी उचलून उजेडात धरली.

“मावशींना फोन लावा,” तो म्हणाला. “पोलिसांच्या आधी पोचा म्हणावं.”

मावशी आल्या, त्यांच्या मागोमाग पोलीस अधिकारीही आले. मावशी दारातूनच ‘मुलगी झाली’ म्हणाल्या, आणि सगळ्यांचे चेहरे पाहून त्यांनी पिशवी खाली ठेवली.

“मावशी, एक पातेलं सूप करा,” सर्वेक्षक म्हणाला. “कोणी बघत नसताना करता तसं.”

मावशींनी सुनेच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. मग फळीवरच्या मिठाच्या डब्यामागून आणखी तीन डबे काढले. भोपळा शिजल्यावर त्यात चार मुठी भाजलेलं पीठ पडलं. मग लोण्याचा गोळा. मग वाडगाभर साखर. वास सुटला आणि भोजनगृहातली सगळी माणसं आपोआप दारात येऊन उभी राहिली.

सर्वेक्षकाने ते सूप आपल्या वाटीत ओतलं. सात दिसेनासा झाला.

“गोदाम जळालं, की सगळे विचारतात, कोणी काय आणून टाकलं? मी विचारतो, रोज असायचं ते त्या दिवशी काय नव्हतं? पहिले तीन दिवस हा सात मला वाटी निपटल्यावर दिसायचा. नंतरचे तीन दिवस वाटी हातात घेताच दिसला. मुंग्या विषाला भिऊन गेल्या नाहीत. त्यांची साखर बंद झाली म्हणून गेल्या. पंपवाल्यांचं भांडणही त्यावरूनच. पोटात नुसतं पाणी, आणि वर साखर उतरवणारी गोळी मात्र रोजच्यासारखी चालू. तीन दिवसांत माणूस आडवा. या सुपात कोणी काही घातलेलं नाही. घालायचं ते राहून गेलं.”

“म्हणजे गुन्हेगार कोणीच नाही?” पोलीस अधिकारी जरा हिरमुसले.

“आहे की. सूनबाईंनी लिहिलेलं तंतोतंत पाळलं. सहा वर्षांत या स्वयंपाकघरात ते पहिल्यांदाच घडलं. पण लिहिलं कोणी? आणि येणाऱ्याला ‘गोळ्या कसल्या घेता’ एवढंही कोणी विचारलं नाही?”

सगळ्यांनी संचालकांकडे पाहिलं.

“केंद्र सुरू झालं त्या पहिल्याच आठवड्यात तिघं घेरी येऊन पडले होते, साहेब,” मावशी म्हणाल्या. “तुम्ही म्हणालात, विष बाहेर पडतंय. मी म्हटलं, माणूस बाहेर पडायच्या आत काहीतरी करावं. पण सुनेला सांगायला हवं होतं मी. नोकरी जाईल म्हणून बोलले नाही. त्या माणसाचं बरंवाईट झालं असतं तर मी काय तोंड दाखवलं असतं?”

दवाखान्यातून फोन आला. पंपवाले शुद्धीवर आले होते आणि परिचारिकेला ताई म्हणत होते. सून पदर तोंडाला लावून खाली बसली.

संचालक भिंतीपाशी गेले. सुपाचा कागद काढला, चार घड्या केल्या, खिशात ठेवला. ते सुनेसमोर उभे राहिले, ‘चुकलं माझं’ असं काहीसं पुटपुटले, मग ओट्याचा आधार घेत पातेल्याकडे वळले.

“मावशी,” ते हलक्या आवाजात म्हणाले, “मलाही एक वाटी द्या. परवापासून जिना चढवत नाहीये.”